सतरंजी नंबर तीन

"आठ दिवस! फक्त आठ दिवस! आत्याबाईंची गोधडी पुरी करून नाही दाखवली, तर पुन्हा जन्मात सुई हातात धरणार नाही!"

सुलाबाईंनी ही प्रतिज्ञा केली तेव्हा ऐकायला घरात एकटे सावळीराम होते, आणि त्यांच्या तोंडाला साबणाचा फेस होता. खिडकीला आरसा टेकवून ते दाढी करत होते. वस्तरा हवेत धरून ते म्हणाले, "न धरलीस तर बरंच होईल. मागच्या आठवड्यात मी गादीवर बसायला गेलो, तर तुझी सुई माझ्याआधी तिथं बसलेली!"

सुलाबाईंनी नवऱ्याच्या बोलण्याकडे दुर्लक्ष केलं. मोठं काम हाती घेतलेल्या माणसाला अशी बरीच दुर्लक्षं करावी लागतात.

गोष्ट एकोणऐंशी सालच्या डिसेंबरातली. सावळीराम नाशिक रोडला प्रेसमध्ये कामाला होते आणि राहायला क्वार्टर होतं. सुलाबाईंचा छंद जरा निराळा. नवी गोधडी त्या कधीच शिवायला घेत नसत. दुसऱ्यांच्या अर्धवट राहिलेल्या तेवढ्या पुऱ्या करत. बायका मोठ्या हौसेनं गोधडी मांडतात, हातभर शिवतात आणि मग पाहुणे येतात, दिवस जातात, कंबर धरते, की गोधडी जाते माळ्यावर! अशा माळ्यावरच्या गोधड्या सुलाबाई हुडकून आणत आणि पुऱ्या करून देत. मधल्या वेळात कुंच्या, टोपरी, पिशव्या चालूच. कापडाला तोटा नव्हता. शेजारच्या अमिनाभाभींचे यजमान रहेमान मास्तर यांचं देवळाली कॅम्पात शिंप्याचं दुकान होतं आणि तिथून चिंध्यांची गाठोडीच्या गाठोडी येत. फक्त मास्तर शिवत सगळे लष्कराचे गणवेश. त्यामुळे आमच्या क्वार्टरांतल्या बायका खाकी पिशव्या घेऊन भाजीला निघाल्या, की बाजारावर चढाई निघाल्यासारखी वाटे.

अशा सुलाबाईंनी बावीस गोधड्या पुऱ्या केल्या होत्या. तेविसावीला मात्र त्या सहा वर्षं हात लावायला धजल्या नव्हत्या, कारण ती सासूबाईंची होती.

सासूबाई म्हणजे यशोदाबाई, सुलाबाई त्यांना आत्याबाई म्हणत; वणीजवळच्या खेड्यात राहणाऱ्या. त्यांचा टाका पंचक्रोशीत प्रसिद्ध. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि गोधडी निम्म्यावर थांबली. ती सुलाबाईंच्या हवाली करताना म्हातारी एवढंच म्हणाली होती, "ठिव तुझ्याकडं. पुरी करू नको. तुझा टाका म्हंजी बैल मुतत चालल्यावानी."

लग्न झाल्यापासून चोवीस वर्षं सुलाबाई हे ऐकत आल्या होत्या. "माझ्या रंगूचा टाका बघ!" हे त्यावर तोंडी लावायला. रंगू म्हणजे नणंद. सुलाबाईंनी बाविसाच्या बावीस गोधड्या लोकांच्या म्हणून शिवल्या खऱ्या, पण प्रत्येक टाक्याला त्यांच्या मनात म्हातारी समोर बसलेली असे. लोकांनी कितीही वाखाणणी केली तरी त्यांचं पोट भरत नसे. त्यांना एका तोंडून एक शब्द हवा होता, आणि ते तोंड फार चिवट होतं.

आता म्हातारी डोळ्याच्या ऑपरेशनला शनिवारी संध्याकाळी येणार होती. तिच्या हातात पुरी झालेली गोधडी ठेवायची, असा बेत होता.

म्हातारीनं लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात सुनेला गोधडीचा एक नियम शिकवला होता. "उजव्या हातात सुई, डावा हात गोधडीखाली. खालून सुईचं टोक बोटाला लागलं पायजे. हात खाली नसला, तर एक दिवस भुई शिवशील!"

सुलाबाईंना हा नियम मुळीच पटत नसे. डाव्या हाताची बोटं चाळणी होतात ती निराळीच! बावीस गोधड्यांनंतर त्यांना सगळं वरूनच कळत होतं. डावा हात त्यांनी कधीच मोकळा केला होता. त्या हातानं त्या शेंगदाणे खात.

गोधडी अंथरायला खाली काहीतरी स्वच्छ हवं, म्हणून त्यांनी कोपऱ्यातली सतरंजी पसरली. ती पंचशील महिला मंडळाची. मंडळाच्या तीन सतरंज्या. दोन अध्यक्ष कुसाबाईंच्या पेटीत असत, आणि तिसरी पेटीत मावेना म्हणून सुलाबाईंकडे. ती गोधडीपेक्षा चारी बाजूंनी वीतभर मोठी, म्हणजे अगदी मापाचीच होती. न शिवलेल्या अर्ध्या भागात ऊब यावी म्हणून सुलाबाईंनी मधे खाकी कापडाचा एक थर घातला, दोरा दुहेरी घेऊन त्याला मेण लावलं, आणि वर ठाण मांडलं.

पहिल्याच दिवशी सुई जाईना.

"काय घट्ट आहे हो!" त्या अमिनाभाभींना म्हणाल्या. भाभी दाराशी तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"खाकी है ना," भाभी म्हणाल्या. "लष्कराचा कपडा. ऐसा तैसा हार नहीं मानेगा!"

"मी बरी मानीन!"

आठ दिवसांत तीन सुया मोडल्या. अंगठ्याला घट्टा पडला. सावळीराम दोन दिवस पिठलं-भाकरी खाऊन कामावर गेले, तिसऱ्या दिवशी पिठलंही स्वतःच करून गेले. पण टाका? मंडळी, टाका असा पडला की मोजपट्टी लावावी! ओळीला ओळ, थेंबाला थेंब. शनिवारी सकाळी अकराला सुलाबाईंनी शेवटची गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि हाक मारली.

"भाभी! या, बघायला या!"

अमिनाभाभी ओले हात पदराला पुसत आल्या. सुलाबाईंनी गोधडीची दोन टोकं धरली, आणि बाजारात पातळ दाखवतात तशी ऐटीत झटकली.

गोधडीबरोबर सतरंजीही उठली!

"या अल्ला!" भाभी मागे सरकल्या. "सुलाबाई, जमीन उठी!"

सुलाबाईंनी खाली पाहिलं. वाकून पाहिलं. गोधडी सतरंजीपासून ओढून पाहिली. सासूबाईंचा शिवलेला अर्धा भाग सुटा होता. त्यांचा स्वतःचा अर्धा भाग मात्र सतरंजीशी असा एकजीव झाला होता, की हा कधी वेगळा होता हे सांगूनही कोणाला पटलं नसतं. एक टाका सुटला नव्हता. बैल यावेळी अगदी सरळ चालला होता, फक्त भलत्याच शेतात!

"भुई शिवली," सुलाबाई खाली बसत म्हणाल्या. "भाभी, मी खरंच भुई शिवली हो!"

दोघींनी दोन बाजूंनी ब्लेड घेऊन उसवायला सुरुवात केली. दुहेरी दोरा आणि त्याला मेण! अर्ध्या तासात चार बोटं उसवलं. या हिशेबानं गोधडी होळीपर्यंत मोकळी झाली असती. तेवढ्यात खिडकीबाहेरून खणखणीत आवाज आला.

"सुलाबाई! जयभीम! उद्याच्या सभेची सतरंजी काढून ठेवलीस ना? संध्याकाळीच नेऊन ठेवते."

कुसाबाई! मंडळाच्या अध्यक्ष. शिस्तीला इतक्या कडक, की त्यांच्या सभेत लहान मूलही हात वर करून रडे. सुलाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या आणि तोंडाला येईल ते बोलल्या.

"जयभीम! सतरंजी ना? ती धुतली!"

"धुतली? या थंडीत? वाळेल कधी?"

"वाळतेय की!"

"कुठं?"

"गच्चीवर!"

बोलून गेल्यावर सुलाबाईंना वाटलं, सुटले. पण कुसाबाई म्हणजे ऐकून घरी जाणारी बाई नव्हे. त्या तडक जिन्याकडे वळल्या आणि तीन मजले चढून गच्चीवर गेल्या. गच्चीवर कोणाच्या तरी मिरच्या वाळत होत्या आणि एक बनियन होतं. कुसाबाईंनी कठड्यावरून वाकून आरोळी ठोकली.

"अगं सुलाबाई! सतरंजी चोरीला गेली!"

झालं! दारं उघडली. बायका बाहेर आल्या. "कोणाची?" "मंडळाची!" "आत्ता?" "भरदिवसा?" पाच मिनिटांत सबंध चाळीस क्वार्टरांना कळलं, आणि दहा मिनिटांत कोणीतरी चोराला पाहिलंसुद्धा! सुलाबाई घाईघाईनं अंगणात गेल्या. जाताना अमिनाभाभींच्या कानात म्हणाल्या, "काहीतरी करा! तेवढं झाकून ठेवा!" अंगणात त्या "अहो, जरा ऐका तरी!" असं म्हणत राहिल्या, पण त्यांचं ऐकायला कोणी मोकळं नव्हतं. अर्धा तास संडासामागे, पाण्याच्या टाकीत आणि कोळशाच्या बोळात शोध चालला. सुलाबाईही इतरांबरोबर सतरंजी शोधत होत्या. दुसरं काय करणार बिचाऱ्या?

मग कोणीतरी म्हणालं, "सकाळपासून ती बोहारीण फिरतेय."

नवसाबाई बोहारीण फाटकाशीच होती. डोक्यावर भांड्यांची पाटी, पाठीला जुन्या कपड्यांचं मोठं गाठोडं. कुसाबाईंनी ते गाठोडं धरलं.

"सोड गाठ. बघू दे आत काय आहे."

"काय बघता बाई?" नवसाबाई चिडली. "जुनी कापडं हायेत! म्या भांडी देती अन् कापडं घेती. सतरा वर्सं झाली या दारात येऊन. चोरी नाय केली कधी!"

"मग सोडायला काय जातं?"

"माझी अब्रू जाती!" असं म्हणताना नवसाबाईचा आवाज फाटला. सगळ्या अंगणासमोर ती गुडघ्यावर बसली आणि गाठोड्याची गाठ सोडू लागली.

सुलाबाई आजवर अनेकदा खोटं बोलल्या होत्या, दूधवाल्याला, भिशीवाल्यांना, आलेल्या पाहुण्याला. पण त्यांच्या खोट्यापायी कोणी असं गुडघ्यावर बसलं नव्हतं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. त्या पुढे गेल्या आणि नवसाबाईचा हात धरला.

"नको सोडूस, बाई. सतरंजी माझ्या घरात आहे. कोणी चोरली नाही. कुसाबाई, आत चला. काय ते दाखवते."

कुसाबाईंनी आधी सुलाबाईंकडे पाहिलं, मग नवसाबाईकडे. "चुकलं माझं," त्या नवसाबाईला म्हणाल्या. त्यांच्या तोंडून असे शब्द क्वार्टरांनी पहिल्यांदाच ऐकले. नवसाबाईनं गाठ पक्की केली, पाटी डोक्यावर घेतली आणि कोणाकडे न बघता निघून गेली.

सुलाबाई कुसाबाईंना घेऊन घरात शिरल्या आणि दारातच थिजल्या.

खाटेवर म्हातारी बसली होती! संध्याकाळच्या एस.टी.नं यायची ती शोधाशोधीच्या गडबडीत दुपारीच येऊन बसली होती. गावचा गोटीराम टेम्पोतून भाजी घेऊन नाशिकला निघाला, त्यानं टोपल्यांबरोबर यशोदाबाईंनाही उचललं होतं. आणि म्हातारीच्या अंगावर, डोक्यापासून पायापर्यंत, होती तीच गोधडी! अमिनाभाभींनी "झाकून ठेवा" याचा आपल्या परीनं अर्थ लावला होता. सतरंजीची चारी बाजूंनी वीतभर बाहेर आलेली कड त्यांनी वर दुमडली, भराभर टाके घातले, आणि गोधडीला झकास गोट लावून टाकला. आता ती सबंध गोधडीच झाली होती. भाभी खाटेशी उभ्या राहून खाणाखुणा करत होत्या, की मी काय करू, म्हातारीनं ओढूनच घेतली!

"आलीस का सुले?" म्हातारी पावलांच्या चाहुलीकडे वळली. "ही माझीच गोधडी ना गं? पुरी केलीस?"

"हो, आत्याबाई."

"गप ऱ्हा. बघू दे."

म्हातारीची बोटं निघाली. आधी स्वतःच्या टाक्यांवरून, ओळखीच्या वाटेनं. मधोमध ती थांबली. "हितून तुझा टाका," ती म्हणाली, आणि बोटं पुढे सरकू लागली. एक ओळ. दुसरी. तिसरी. त्या क्षणी सुलाबाई सतरंजी विसरल्या, कुसाबाई विसरल्या. चोवीस वर्षं ज्यांची वाट पाहिली ती बोटं त्यांच्या टाक्यांवरून चालली होती.

"हं," म्हातारी म्हणाली.

"कशी आहे?"

"वजन हाय." म्हातारीनं गोधडी खांद्यावर ओढून घेतली. "लय वजन हाय. अशी गोधडी आमच्याकडं कुणाची झाली नाय. आता ही मी सोडायची नाय."

सुलाबाईंना कळलं, ते वजन मंडळाचं होतं.

कुसाबाई पुढे झाल्या, खाटेच्या कडेला बसल्या आणि गोधडीचं खालचं टोक उलटून पाहिलं. तिथे काळ्या रंगात, बोटभर जाड अक्षरांत लिहिलेलं होतं: पंचशील महिला मंडळ, नाशिक रोड, सतरंजी नंबर ३. कुसाबाईंनी ते एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. मग मान वर करून त्यांनी सुलाबाईंकडे जे पाहिलं, त्यानं सुलाबाई दोन पावलं मागे सरकल्या.

"काय बघता बाई?" म्हातारीनं विचारलं. "हाताला काय तरी खरखरीत लागतंय तिथं."

"अक्षरं आहेत," कुसाबाई म्हणाल्या.

"कसली आक्षरं?"

कुसाबाईंनी म्हातारीच्या पांढुरक्या डोळ्यांकडे पाहिलं, तिनं दोन्ही मुठींत घट्ट धरलेल्या गोधडीकडे पाहिलं, आणि आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. त्या साफ खोटं बोलल्या.

"तुमचं नाव. सुनेनं घातलंय."

"माझं? कुठं?"

कुसाबाईंनी म्हातारीचं बोट धरून त्या काळ्या अक्षरांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं.

"एवढं लांब?"

"नाव, गाव, सगळं घातलंय."

म्हातारीचं बोट पुन्हा एकदा आपलं आपण फिरलं. "भांड्यांवर समद्या सावळीरामाच्या बापाचं नाव," ती हळूच म्हणाली. "सातबाऱ्यावर बी त्याचंच. माझ्या वाट्याला नुस्ता आंगठा. सत्तर वर्सांत माझं नाव कुणी कशावर घातलं नाय गं." आणि तिच्या न दिसणाऱ्या डोळ्यांतून पाणी आलं. सुलाबाईही रडल्या, भाभीही रडल्या. कुसाबाईंनी नाक शिंकरलं आणि दारात येऊन दबक्या आवाजात शिक्षा सुनावली.

"उद्याची सभा तुझ्या चटयांवर. आणि महिन्याच्या आत मंडळाला बसायला नवं शिवून दे."

सुलाबाईंनी दिलं, डावा हात खाली ठेवून. कापड अर्थातच खाकी. पुढच्या सभेला आलेल्या पाहुण्या बाईंनी त्यावर बसताना विचारलंच, "आपलं मंडळ कॅम्पातलं का?"

म्हातारीचं ऑपरेशन छान झालं. दवाखान्यात गोधडी बरोबर होतीच, आणि वॉर्डातल्या प्रत्येकाला "हे माझं नाव" म्हणून ती अक्षरं दाखवली गेली. वाचता येणारे एकदा वाचत, एकदा सुलाबाईंकडे बघत आणि पाण्याचा तांब्या भरायला निघून जात. महिनाभरानं जाड भिंगांचा चष्मा लावून, गोधडी काखोटीला मारून म्हातारी गावाला गेली. जाताना टाक्याबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. अक्षरं मात्र चष्म्यातून कितीतरी वेळ बघत बसली होती.

पुढे सात-आठ महिने गेले. ऑगस्टात एक पोस्टकार्ड आलं. अक्षरं अशी, की एक चिंचोक्याएवढं तर शेजारचं लिंबाएवढं. सुलाबाईंनी दारातच वाचायला घेतलं.

"सुलास आशीर्वाद. गावात प्रौढांची शाळा निघाली. मला माझं नाव वाचायचं होतं म्हणून गेले. मास्तरनं आधी य शिकवला. गोधडीवर य सापडला नाय. मंग समदी आक्षरं शिकले आन समदं वाचलं. डावा हात खाली नव्हता. मला ठावं व्हतं तू एक दिवस भुई शिवशील. टाका बरा हाय."

सुलाबाई उंबऱ्यावर बसल्या. त्यांनी ते "टाका बरा हाय" वाचलं, डोळे पुसले, आणि पुन्हा वाचले. चोवीस वर्षं आणि आठ महिने! मग पदर खोचून त्या निघाल्या. अमिनाभाभींना वाचून दाखवलं. वाण्याला दाखवलं. प्रेसचा भोंगा झाल्यावर सावळीरामांना फाटकातच गाठून वाचून दाखवलं. फाटकाशी नवसाबाई भेटली, तिला हाताला धरून बसवलं, चहा पाजला आणि दोनदा वाचून दाखवलं. प्रत्येक वेळी "टाका बरा हाय" पाशी थांबायच्या आणि पुढच्या ओळींवर अंगठा ठेवायच्या.

कुसाबाईंनी मात्र अंगठा बाजूला करून कार्ड हातात घेतलं आणि उरलेलं मोठ्यानं वाचलं.

"गोधडी परत मिळणार नाय. तीन नंबर लिवलंय, म्हंजी एक आन दोन बी आसतील. रंगूला एक पायजे. बघून ठिवणे. यशोदा."

कुसाबाईंनी कार्ड परत दिलं, घरी गेल्या आणि पेटीला कुलूप घातलं.